सगळ्यांचं भलं, माझं सोडून

५ एप्रिल, रविवार. सकाळपासून तुझ्या बाजेची दोरी सोडत बसले आहे.

सगुणा, ही बाज नाल्यावर नेऊन टाकायची असं घरात ठरलं होतं. म्हणजे तुझ्या भासऱ्यांनी, माझ्या मालकांनी, ठरवलं होतं. मेलेल्या माणसाची बाज घरात ठेवत नाहीत, सगळं गाव तसंच करतं, वगैरे. मी म्हटलं, पाय चांगल्या सागवानाचे आहेत, नाल्यात कुजवायला आणले नव्हते. दोरी तेवढी जाळू, चौकट राहू द्या. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना इतकी वर्षं मी चहा पाजला आहे, ते काही म्हणणार नाहीत. त्यावर ते उठून शेताकडे गेले. या दिवसांत आपल्या धानाच्या बांधीत काही काम नसतं, हे तुला ठाऊकच आहे.

अंबाडीची दोरी अशी आवळून बसली आहे की बोटांची सालं निघताहेत. ही आवळली कोणी? मीच. दोरी ढिली पडली की तुझी पाठ खाली जायची, पाठ खाली गेली की कातडी घासायची, कातडी घासली की जखम, आणि जखम झाली की तिचं करणार कोण? म्हणून मी पाय लावून दोरी ताणायची. आणि तू वरून म्हणायचीस, "ढिलीच बरी होती बाई, झोपाळ्यावानी वाटे." एकदा मी म्हटलं होतं, तुला उचलून खऱ्या झोपाळ्यावर नेऊन आपटते. तू इतकी हसलीस की ठसका लागला आणि पाणी पुन्हा मलाच आणावं लागलं.

परवा तेरवी झाली. आलेला प्रत्येक जण सांगत होता, सगुणा किती शांत होती, तिच्याजवळ घटकाभर बसलं की जीव हलका व्हायचा. व्हायचाच. बसायची जागा झाडलेली असायची, तुझं अंग पुसलेलं असायचं, लुगडं धुतलेलं असायचं, आणि येणाऱ्याच्या हातात गरम कप असायचा. तुझी शांती माझ्या चुलीवर शिजत होती, सगुणा. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना हे सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून तुला सांगते.

मला तुझा राग पहिल्या दिवसापासून आहे. मोहाचेच दिवस होते. पहाटे आपण दोघी फुलं वेचत होतो, तू आपल्या झाडाखाली, मी पलीकडच्या. अस्वलाला पिल्लू होतं आणि तू नेमकी दोघांच्या मध्ये वाकलेली होतीस. तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत पंजा ओढला आणि तुला मागे ढकललं. मागे नाला. नाल्यात खडक. मी ओरडत, टोपली बडवत आले तोवर ती पिल्लाला घेऊन निघून गेली होती. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझं लुगडं रक्ताने चिकट झालं होतं, आणि तू काय बोललीस? "बाई, डोळे ठेवले तिनं. लय उपकार तिचे."

मी म्हटलं, गप पड. मला वाटलं, मार लागल्यामुळे बरळते आहेस. पण दवाखान्यात डॉक्टरांनी आता कमरेखाली काही हलणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हाही तू त्यांना म्हणालीस, हात राह्यले ना जी. त्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी पिशवी उचलली आणि औषधं कुठे मिळतात ते विचारलं.

मग तुझा नवरा, माझा दीर. मिरची तोडायला तेलंगणात जातो म्हणाला, दरवर्षी जातच होता. त्या वर्षी गेला तो परत आला नाही. तिकडे दुसरं घर मांडल्याचं बाजारात लोक बोलायला लागले, तेव्हा मी ते तुझ्यापासून दडवलं नाही. दडवून काय होणार होतं? तू ऐकून घेतलंस, बराच वेळ मोहफुलांतले केसर काढत बसलीस आणि म्हणालीस, "तिकडे त्याले खाले तरी भेटत असन." त्या दिवशी मी भांडी इतकी आपटली की शेजारची वेणूबाई पाहायला आली.

आणि संध्याकाळचा दिवा. सगुणा, मला या जगात एकच गोष्ट समजून घ्यायची होती, ती म्हणजे तो दिवा.

दिवा लावायची मी, नावं घ्यायचीस तू. मी वात सारखी करून तुळशीपाशी ठेवायची, तू बाजेवरून हात जोडायचीस आणि सुरू व्हायचीस. त्या अस्वलिणीचं भलं कर, तिच्या पिल्लाचं भलं कर. त्यायचं भलं कर, म्हणजे तुझ्या पळपुट्या नवऱ्याचं. दवाखान्यातल्या सिस्टरचं कर. जीपवाल्याचं कर. वेणूबाईच्या गुडघ्याचं कर. जांभळाच्या झाडाचं कर, लंगड्या बकरीचं कर, वादळात ज्याचं छप्पर उडालं त्याचं कर. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. बकरीपर्यंत यादी यायची आणि संपायची. जी बाई तुला कुशीवर वळवत होती, जी तुझी लघवीची नळी साफ करत होती, जी अंगणवाडीतल्या लेकरांना खिचडी वाटून घरी आली की आधी तुझ्या पाठीला हात लावून पाहत होती, तिचं नाव एकदाही आलं नाही. मला भलं नको होतं, सगुणा. माझं भलं मी करून घेते. पण बकरीच्या नंतर तरी यावं की नाही?

बोलून दाखवायची माझी सवय तुला माहीत आहे. एकदा धान कापणीच्या दिवसांत, कंबर मोडलेली असताना, मी विचारलंच. "सगळ्या जंगलाचं भलं मागून राह्यली तू. या घरात आणखी एक माणूस राहते, तुले दिसत नाई का?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "बाई, भात करपून राह्यला."

भात खरंच करपत होता. मी धावले. भांडण तिथेच राहिलं, आणि आता तर ते तसंच राहणार आहे.

तुझ्यावर मी एक आरोप कधीच केला नाही, की तू सोंग करतेस. सोंग इतकी वर्षं टिकत नाही. निदान माझ्यासमोर टिकत नाही, मी तुला पहाटेच्या वासासकट पाहिलं आहे. एकदा मी तुला म्हटलं, बाज जरा वळवून देते, इथून तुला जांभूळ अर्धंच दिसतं, छपराच्या आड जातं. तू म्हणालीस, "राहू द्या बाई. एवढं अर्धं पाहालेच दिवस पुरत नाई." मला चीड आली. पण त्या दिवशी तुला भरवून झाल्यावर मी तिथेच बसले आणि तुला काय दिसतं ते पाहिलं. एक मुंग्यांची रांग होती. एक खारुताई होती, शेपूट तुटलेली. तिचं तू नावही ठेवलं होतंस. वारा आला की पानं आधी खालून हलतात आणि मग वरून, हे मला या घरात सून म्हणून आल्यापासून ठाऊक नव्हतं. थोडा वेळ बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं की गाय दोहायची आहे.

लोक रडत यायचे ते तुझ्याकडे, माझ्याकडे नाही. माझ्याकडे आले असते तर मी त्यांना उपाय सांगितला असता. तू उपाय सांगायची नाहीस. ऐकायचीस, केसर काढायचीस, आणि शेवटी विचारायचीस की आज भाजी काय केली होती. आणि ती बाई रडता रडता भाजी सांगायला लागायची. यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण जाताना त्यांची पावलं वेगळी पडायची, ते मी कप उचलताना पाहिलं आहे.

फक्त दोन वेळा तुझी ती शांती मी मोडलेली पाहिली. एकदा मी प्रशिक्षणासाठी गडचिरोलीला गेले होते. वेणूबाईला सगळं समजावून गेले होते. परत आले तर तुझं ताट तसंच. मी गेल्यापासून तू धड जेवलीच नव्हतीस. भूक नव्हती म्हणालीस. मी तुला फाडफाड बोलले की जखम भरायला अंगात काहीतरी लागतं, मी काय दर वेळी घरी बसू का. तू मुकाट्याने भाकर खाल्लीस, दोन खाल्ल्यास. दुसऱ्यांदा मला मलेरिया झाला होता. त्या संध्याकाळी दिवा ह्यांनी लावला आणि तू एकही नाव घेतलं नाहीस. अस्वलाचंसुद्धा नाही. मी गोधडीत कुडकुडत ऐकत होते आणि वाटलं, चला, आज तरी सगळे माझ्या बरोबरीला आले.

शेवटचं आजारपण मी पुन्हा लिहीत नाही. तू तिथे होतीस. शेवटच्या संध्याकाळी श्वास पुरत नव्हता तरी हात जोडलेस. मी वाकून कान लावला. अस्वल झालं. तो झाला. सिस्टर, वेणूबाई, बकरी. मग तू माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि ओठ मिटून घेतलेस. सगुणा, तेव्हाही नाही? म्हणजे जायच्या दारात उभं राहूनही तुला वाटलं नाही, की या बाईला एका शब्दाने मोकळं करावं?

इथपर्यंत सकाळी मनात बोलत होते. मग दोरी उशाकडे आली.

उशाच्या बाजूला, चौकटीच्या खालून, जिथे झाडतानाही हात जात नाही, तिथे गाठी लागल्या. आधी वाटलं, दोरीचीच ठिगळं असतील. बाज उलटी केली तर कापडाच्या गाठी, एकीशेजारी एक, बऱ्याच. काही जुन्या, काळ्या पडलेल्या, एक अगदी नवी. हिरवं कापड, पिवळी किनार. ते माझ्या हिरव्या लुगड्याचं आहे, सगुणा. त्याची किनार फाटलेली सापडली तेव्हा मी गाईला शिव्या दिल्या होत्या, मग उंदरांना, मग ह्यांना. ती नवी गाठ दाताने सोडली. आत बिब्बा.

आता हे वाचणाऱ्यांसाठी सांगावं लागेल. आपल्या जंगलातला बिब्बा, काळा, चकचकीत, आत तेल. ज्याला कोणाची नजर लागू नये असं वाटतं त्याच्या कापडात तो बांधतात. लहान लेकरांच्या तर गळ्यात घालतात. मी अंगणवाडीत लागल्यापासून लेकरांच्या गळ्यातले बिब्बे तोडत आले आहे. तेल सुटलं की कातडी भाजते, फोड येतात, मी अशी लेकरं दवाखान्यात नेली आहेत. कोणत्याही आईच्या हातात बिब्बा दिसला की मी तिच्यासमोर तो उकिरड्यावर फेकते. साऱ्या गावाला हे माहीत आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच लुगड्यात, माझ्याच पैपाहुण्यांच्या बुडाखाली ही शेती चालू होती.

तुझ्याने बाजेखाली वाकणं शक्य नव्हतं. म्हणजे हात दुसऱ्या कोणाचे होते. आणि रोज दुपारी तुझ्या उशाशी कोण बसायचं?

मी वेणूबाईला हाक मारली. ती आली, उलटी बाज पाहिली आणि आधी खाली बसली. मग म्हणाली, "चहा तं ठेव."

मी म्हटलं, चहा नंतर. हे काय आहे?

"तिनं शपथ घातली होती माय, तुले सांगाचं नाई म्हणून. तू फेकून देशीन म्हणे."

फेकलेच असते, मी म्हटलं. कशासाठी बांधले?

वेणूबाई पदराला हात पुसत राहिली. मग सांगितलं. तुझा नवरा मिरचीला निघाला तेव्हा तू दिव्यापाशी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं होतंस, मोठ्याने, साऱ्या शेजाराला ऐकू जाईल असं. माझा माणूस चांगला आहे, मी अशी असूनही मला सांभाळतो, त्याचं भलं कर. तो गेला तो गेलाच. तेव्हापासून तू ठरवलंस.

"मले म्हणे," वेणूबाई बोलली, "जे हातचं गेलं त्याचं नाव घ्याले काय भेव? पण जे एकच हाती हाय, त्याचं नाव दिव्यापुढं घ्याचं नाई. बाईचं नाव मी कधीच घेणार नाई. ते गेली तं मी काय करू?"

मी उठून चहा ठेवला, कारण पाणी तरी उकळायला लागतं.

मला इतका राग आला, सगुणा. अडाणी बाई. अस्वलाला माफ केलंस, मोडलेल्या पाठीला माफ केलंस, पळून गेलेल्याला माफ केलंस, आणि भीती ठेवलीस ती एवढ्याशा गोष्टीची? मी कुठे जाणार होते? मला जायला वेळ होता का? एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की नाव घे, दहादा घे, काही होत नाही, मी उद्या पहाटेही इथेच असेन, तुझी नळी मलाच धुवायची आहे. पण विचारलं नाहीस. तू भात करपतोय म्हणालीस. आणि मी बकरीच्या मागे नंबर लावून उभी राहिले, आणि तू माझ्या डोक्याशी, म्हणजे तुझ्या डोक्याशी, माझं लुगडं बांधून झोपत राहिलीस.

रागाने मी पाटा ओढला आणि हातातला तो नवा बिब्बा वरवंट्याने ठेचला. एक थेंब अंगठ्यावर उडाला. मी दुसऱ्यांना काय सांगते? ठेचू नका. खोबरेल लावलं, तरी काळा डाग पडला आणि आग व्हायला लागली. वेणूबाई कपातून पाहत म्हणाली, "हा डाग धुतल्यानं नाई जात." मी म्हटलं, मला माहीत आहे.

बाकीचे गोळा केले. बिब्बे चुलीत घालता येत नाहीत, धूर डोळ्यांना लागतो. इतके एकदम उकिरड्यावर टाकता येत नाहीत, लेकरं उचलतात. म्हणून जांभळाखाली खड्डा केला आणि कापडासकट पुरले. तुला दिसायची त्या बाजूला नाही, पलीकडच्या. तो अर्धा भाग तुझा पाहायचा राहिला होता.

संध्याकाळी दिवा लावला. ह्यांनी विचारलं, बाजेच्या चौकटीचं काय करायचं. मी म्हटलं, दोरी आणा, नवी विणू, वेणूबाईला बसायला काहीतरी लागेल. मग मी तुळशीपाशी उभी राहिले. मला हे जमत नाही, माहीत आहे तुला. पण नियम तूच घालून दिला आहेस: जे हातचं गेलं त्याचं नाव घ्यायला भीती नाही. मी म्हटलं, सगुणाचं भलं कर. एवढंच. मोठ्याने म्हटलं, शेजाराला ऐकू गेलं असेल. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ती होती म्हणून या घराला बसून पाहायला काही होतं, असं काहीतरी. ते जमलं नाही. वारा आला, वात सारखी केली आणि आत गेले.

सोमवार. हे वरचं काल लिहिलं. आज सकाळी अंगणवाडीत गेले. मोहाच्या दिवसांत बाया उशिराच येतात, पहाटे फुलं वेचून, अंगाला तोच गोडसर वास घेऊन. एक पहिलटकरीण लेकराला वजनाला घेऊन आली आणि मला पाहताच लेकराचा गळा पदराने झाकला. मी पदर बाजूला केला. काळा दोरा, बिब्बा, आणि खाली मानेवर लालसर चट्टा. ती रडवेली झाली. आता बाई बोलतील, तिला वाटलं.

मी दोरा कापला. मान धुतली, खोबरेल लावलं. मग तो बिब्बा उकिरड्यावर न टाकता कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

"पाळण्याले बांध," मी म्हटलं. "खालून. कापडात बांध, पोराच्या अंगाले लागाले नाई पाहिजे."

तिने पुडी पदरात बांधली. मग तिला माझा अंगठा दिसला. "बाई, तुमाले कोणं लावला?"

"जावेनं," मी म्हटलं, आणि लेकराला वजनकाट्यात ठेवलं.